लातसमीबाई आणि गोल वस्तूंचं पुस्तक

फोन्सावान या आमच्या जिल्ह्याच्या गावातल्या वाचनालयासाठी पुस्तकं निवडायचं काम लातसमीबाईंकडे होतं, आणि ती गाडीत घालून पठारावरच्या गावांना नेण्याचं माझ्याकडे. मी सीथन, ड्रायव्हर. पुढच्या सीटवर त्या, मागे पुस्तकांचे खोके, आणि रस्ता असा की बोलायला सुरुवात केली तर जीभ चावली जायची. त्यामुळे त्या कमीच बोलायच्या.

बाईंना गोष्टींची पुस्तकं चालत नसत. राजधानीहून आलेल्या खोक्यांत बोलणारे ससे आणि राजकन्या निघाल्या की त्या ते बाजूला सारून म्हणायच्या, "शाळेला द्या. त्यांना वेळ आहे." त्यांना माहितीची पुस्तकं हवी असायची. गाय कशी विते, पाऊस कुठून येतो, ताप आलेल्या बाळाला काय द्यावं. गावातली पोरं त्यांची टिंगल करायची. गाडी थांबली की एखादं धीट पोरगं पुस्तक हातात घेऊन विचारायचं, "बाई, हे खरंच आहे का?" आणि बाई तितक्याच गंभीरपणे सांगायच्या, "खरं आहे. खोटं मी गाडीत चढू देत नाही."

निवडण्याची त्यांची एक पद्धत होती. दीड-दोन वर्षांच्या पोरांचं पुस्तक आधी ओल्या फडक्याने पुसून रंग सुटतो का ते बघायच्या. पिना असल्या तर परत. मग ते वाचनालयात आलेल्या एखाद्या पोरापुढे टाकून स्वतः लांब जाऊन बसायच्या. "या वयात चित्र वेगळं आणि वस्तू वेगळी, असं नसतं," त्या मला सांगायच्या. मीही ते पाहिलं होतं. पानावर अंड्याचा फोटो दिसला की पोरं चिमटीत धरून ते अंडं उचलायला जायची, आणि उचललं जात नाही म्हणून रडायची. वाचायला लागलेल्या मुलांसाठी त्यांना असं पुस्तक हवं असे, की ते वाचून पोरगं घरी कुणालातरी प्रश्न विचारेल. मोठ्यांसाठी निवडणं सगळ्यात अवघड, कारण मोठी माणसं आपल्याला एखादी गोष्ट येत नाही हे मान्य करत नाहीत. त्यांच्यासाठी बाई मासे पाळायची आणि गुरांच्या रोगांची पुस्तकं शोधायच्या. आमच्याकडे बॉम्बच्या खड्ड्यांची तळी झाली आहेत, त्यामुळे माशांचं पुस्तक कधी कपाटात दिसायचं नाही.

खऱ्याचा एवढा ध्यास त्यांना का होता, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी त्यावर बोलत नसे.

बाईंना एक धाकटा भाऊ होता. फेट त्याचं नाव. लढाई संपली, लोक गुहांतून आणि खालच्या मुलखातून परत आले, घरं नव्याने उभी राहिली, तेव्हा तो अडीच-तीन वर्षांचा असेल. त्यांची आई बुआलाय खांबांवर उभारलेल्या घराखाली, सावलीत मागावर बसायची. सगळं गाव तिला मे बुआलाय म्हणायचं. मे म्हणजे आई. पोरगं मागाच्या दोऱ्यांत हात घालतं म्हणून त्याला गुंतवायला तिने एक खेळ काढला होता. "जा, लांब काहीतरी आण." तो काठी आणायचा. "जा, लाल काहीतरी आण." तो मिरची आणायचा. त्या दिवशी ती म्हणाली, "जा, गोल काहीतरी आण." त्याने आधी भोपळा आणला, ढकलत ढकलत. मग भाताच्या करंडीचं झाकण आणलं. तिने त्याचं कौतुक केलं आणि पुन्हा पाठवलं. तेव्हा तो घरामागे गेला, जिथे भाजीसाठी जमीन नुकतीच उकरली होती. लातसमीबाई लहान होत्या, झऱ्यावर पाणी भरत होत्या. त्यांना फेटचा आवाज ऐकू आला. "मे, बघ, गोल." त्यानंतर जे ऐकू आलं ते सगळ्या पठाराला ओळखीचं आहे.

त्या घरात 'गोल' हा शब्द पुन्हा कुणी उच्चारला नाही. पौर्णिमेचा चंद्र 'भरलेला' असायचा. आणि फेट मरूनही त्या घरातून गेला नाही. मे बुआलाय सांगायची की दुपारी, उन्हं कलती झाली की तो येतो आणि जिन्याच्या खालच्या खांबापाशी उभा राहतो, हात पाठीमागे धरून. लातसमीने लहानपणी एकदा विचारलं, "तो हात मागे का धरतो?" आई म्हणाली, "मला दिसू नयेत म्हणून."

बाईंनी त्याला कधी पाहिलं नाही. पण त्या जिना चढताना त्या खांबाच्या बाजूने वळसा घेऊन जायच्या. त्यांना न्यायला मी पहाटे घरी जायचो, आणि काही महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की मीही वळसा घेतो.

ते पुस्तक थंडीच्या सुरुवातीला आलं. जाड पुठ्ठ्याची पानं, गुळगुळीत कोपरे, पिना नाहीत, रंग सुटत नाही. वर मोठ्या अक्षरांत एकच शब्द होता: गोल. बाईंनी तो वाचला, क्षणभर थांबल्या, आणि मग काम म्हणून पानं उलटायला लागल्या. अंडं. पपनस. पाण्याचा थेंब. चंद्र. भाताच्या करंडीचं झाकण. फोटो फार सुंदर होते. शेवटच्या पानावर गवतात पडलेला एक लोखंडी गोळा होता आणि त्याच्याकडे जाणारा एक छोटासा, गुबगुबीत हात.

राजधानीत लोक संध्याकाळी अंगणात लोखंडी गोळे फेकायचा खेळ खेळतात. आमच्याकडेही खेळतात. तिथल्या माणसाला त्या फोटोत खेळ दिसणार. पण आमच्या पठारावर गवतात मुठीएवढा लोखंडी गोळा पडलेला असेल तर तो खेळातला नसतो. त्याला आम्ही बॉम्बी म्हणतो. विमानांनी टाकलेल्या, न फुटता मातीत राहिलेल्या बॉम्बी अजून निघतात, नांगराला लागतात, पावसाने उघड्या पडतात.

बाईंनी पुस्तक मिटलं. मग राजधानीत पुस्तक छापणाऱ्यांना फोन लावला. मनीवन नावाच्या एका तरुण संपादिकेने तो घेतला. बाईंनी आवाज न चढवता काय ते सांगितलं. मग ती मुलगी म्हणाली, "बाई, तो माझ्याच लेकीचा हात आहे. आमच्या अंगणातला फोटो आहे हो." ती रडायला लागली आणि बाईंनाच तिची समजूत घालावी लागली. पुढच्या छपाईत ते पान काढायचं तिने कबूल केलं. पण ही छपाई वाटून झाली होती. आमच्या खोक्यांतच नव्हे, जिल्ह्यातल्या सगळ्या बालवाड्यांत ते पुस्तक जाऊन पडलं होतं, आणि पोरांना ते भलतंच आवडलं होतं.

मी म्हटलं, शेवटचं पान कापून टाकू. मी पातं आणलं. बाई कापायला बसल्या. पण पुठ्ठा एकमेकांना चिकटवलेला होता. गोळा निघाला की करंडीचं झाकणही सुटं व्हायचं. आम्ही त्या खटपटीत असताना मे बुआलाय आली. म्हातारी रोज दुपारी वाचनालयात यायची, लेकीच्या टेबलाशेजारी बसून सुपारी कातरायची. तिने विचारलं, "काय कापताय?"

तिने हात पुढे करून पुस्तक घेतलं. तिला मोठी अक्षरं वाचता येत होती. तिने वरचा शब्द वाचला, आणि तो मोठ्याने वाचला. "गोल." बाईंचा हात पात्यावर तसाच राहिला. म्हातारीने सगळी पानं एकेक करून पाहिली. शेवटच्या पानावर ती थांबली. मग म्हणाली, "न कापलेलं एक द्या."

शेजारच्या नूडलवालीचा मुलगा तिथे रांगत होता. तिने त्याला मांडीवर घेतलं आणि वाचायला सुरुवात केली. अंडं आलं, तो उचलायला गेला. पपनस आलं, त्याने चाटून पाहिलं. तिने सगळं करू दिलं. शेवटचं पान आलं आणि त्याने हात पुढे केला, तशी तिने त्याचे दोन्ही हात धरले आणि त्याच्या पाठीमागे नेऊन ठेवले. "इथे हात मागे," ती म्हणाली. "हात मागे, आणि मे म्हणून हाक मार. जोरात." पोराला तो खेळ वाटला. त्याने अशी आरोळी ठोकली की त्याची आई हातात पळी घेऊन दुकानातून धावत आली. म्हातारीने तिलाही सोडलं नाही. "दर वेळी अशीच ये. हाक मारली की सगळं टाकून ये. तू आली नाहीस तर तो हाक मारायचं सोडून देईल."

ते हात पाठीमागे गेलेले पाहून बाई उठून बाहेर गेल्या होत्या. आई घरी जायला निघाली तेव्हा त्या गाडीपाशी उभ्या होत्या. मी गाडी पुसत होतो, त्यामुळे मला ऐकू आलं.

"तू त्याला असा गावभर उभा करणार का?" बाईंनी विचारलं.

म्हातारी म्हणाली, "इतकी वर्षं एकटाच उभा आहे गं तो."

पुढे आठवडाभर बाई त्या पुस्तकाला हात लावत नव्हत्या. मग एक दिवस त्यांनी मला तीन पुस्तकं दाखवली. पहिलं गोल वस्तूंचं, पोरांना मांडीवर घेऊन वाचायचं. दुसरं शाळेतल्या मुलांसाठी: मातीत काय काय असतं, मुळं, किडे, दगड आणि गंजलेलं लोखंड, सगळ्याचे खरे फोटो. तिसरं मोठ्यांसाठी: असं काही सापडलं तर काय करावं, कुठे खूण करावी, कुणाला कळवावं, आणि शेकोटी कुठे पेटवू नये, कारण तापली की पुरलेली बॉम्बी फुटते. "हे तीन एकत्र," त्या म्हणाल्या. "घरात तिघांनी वाचलं पाहिजे. एकट्याने वाचून उपयोग नाही. कुणी म्हणालं मला एकच द्या, तर द्यायचं नाही."

लोक कुरकुरले. एका गावात एक गृहस्थ म्हणाला, "बाई, आम्ही या मातीत जन्मलो, आम्हाला काय शिकवता?" बाई म्हणाल्या, "तुम्हाला नाही शिकवत हो. पण तुमच्या मुलाला वाचता येतं, तो तुम्हाला वाचून दाखवेल. तेवढा वेळ नुसतं बसा." पोराने वाचून दाखवायचं म्हटल्यावर त्याला नाही म्हणता आलं नाही.

आणि मग तो खेळ पसरला. कुठल्याही गावात गेलो की धाकटी पोरं रांगेत बसायची, पुस्तक चालू व्हायचं, आणि शेवटच्या पानाला सगळ्यांचे हात पाठीमागे. बाई त्या वेळी गाडीकडे तोंड करून उभ्या राहायच्या, खोके लावत असल्यासारख्या. मला ते बघवायचं नाही असं नाही. पण हेही खरं की रांगेच्या टोकाला आणखी कुणी आहे का ते मी कधी निरखून पाहिलं नाही.

तक्रारीही आल्या. एक आजी फणकारत वाचनालयात आली. "तुमच्या त्या पुस्तकापायी माझा नातू पपनस दिलं तरी हात मागे घेतो आणि बोंबलतो. अंडं दिलं तरी तेच. जावई विचारतो, पोराला झालंय काय?" बाईंना हसू आलं. मी त्यांना फार कमी वेळा हसताना पाहिलंय. त्यांनी आजीला समजावलं की आधी खरं अंडं हातात द्या, खरं पपनस द्या, खाऊ द्या, आणि मगच शेवटचं पान उघडा. त्यानंतर त्या गाडीत अंडी आणि पपनस घेऊन फिरायला लागल्या. खराब रस्त्याने अर्धी अंडी फुटायची आणि पुस्तकांना वास लागायचा.

नाफोंग गावात जे घडलं ते पावसाळा सरल्यावरचं. भात कापून झाला होता, शेतात नुसते खुंट होते. दुपारची वेळ होती. आम्ही गावाच्या वळणावर आलो आणि बाईंनी माझा दंड धरला.

"थांबव," त्या म्हणाल्या.

मी ब्रेक दाबला. रस्त्यापासून थोडं आत, शेताच्या कडेला, एक लहान पोर उभं होतं. एकटंच. अंगात सदरा, खाली काही नाही. त्याचे दोन्ही हात पाठीमागे होते. ते हलत नव्हतं आणि काही बोलतही नव्हतं.

"तुला दिसतोय?" बाईंनी विचारलं.

मी म्हटलं, दिसतोय.

"नीट बघ, सीथन. तुला दिसतोय ना?"

त्यांची बोटं माझ्या दंडात रुतली होती. खरं सांगायचं तर माझी नजर त्या पोराच्या पायांशी गेली, सावली आहे का बघायला. सावली होती. तेवढ्यात त्याने तोंड उघडलं आणि सगळ्या अंगाने हाक मारली. "मेऽऽ!"

गावाकडून त्याची बहीण पळत आली. आठ-नऊ वर्षांची, चानसी नावाची. तिला आम्ही ओळखत होतो; मातीचं पुस्तक तिने दोनदा नेलं होतं. ती बांधावर येऊन एकदम थांबली. शेतात उतरली नाही. खाली उकिडवी बसली आणि अगदी रोजच्या आवाजात त्याच्याशी बोलायला लागली. "थाविन, तसाच उभा राहा. हात मागेच. छान उभा आहेस. बाबा आले बघ." बाप आला, आई आली. बाप बांधावरून, रोजच्या पायाखालच्या मातीवरून पुढे गेला, तिथूनच वाकला आणि पोराला बगलेत धरून अलगद उचललं. पोर उभं होतं त्याच्यापुढे हातभर अंतरावर, पावसाने माती वाहून गेलेल्या जागी, बॉम्बी अर्धी वर आलेली होती.

बाई गाडीतून उतरल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी बॉम्ब काढणारं पथक आलं. मे बुआलायनेही यायचा हट्ट धरला, म्हणून आम्ही तिला घेऊन गेलो. कर्ण्यावरून सूचना झाली, सगळं गाव गुराढोरांसह टेकडीच्या पलीकडे नेलं. ती बॉम्बी हलवण्यासारखी नव्हती, म्हणून तिथेच उडवली. आवाज झाला तेव्हा थाविन बापाच्या खांद्यावर झोपला होता. दचकून उठला, इकडेतिकडे पाहिलं आणि पुन्हा झोपला. म्हातारी हलली नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत थाविनच्या घरी दोरे बांधायचा विधी झाला. भीतीने माणसाचे प्राण अंगातून निघून रानात भटकतात. त्यांना नावाने हाक मारून परत बोलवायचं आणि मनगटाला पांढरा दोरा बांधून अंगात थांबवायचं. गावातला वृद्ध हाका मारत होता, थाविनच्या प्राणांनो या, घरी या, भात गरम आहे. ते संपत आलं तेव्हा मे बुआलाय त्याला म्हणाली, "आमचाही एक आहे. त्याला हाक माराल का?"

वृद्धाने नाव विचारलं आणि हाक मारली. फेट, ये, घरी ये. दोरा हातात धरून तो थांबला, कारण बांधायला मनगट नव्हतं. मग बाईंनी आपला हात पुढे केला.

पुढे काही दिवसांनी मी सहज विचारावं तसं म्हातारीला विचारलं की फेट अजून येतो का. ती म्हणाली, "येतो की. पण आता हात सोडून उभा असतो."

बाई तिथेच होत्या. त्यांनी विचारलं, "मग आहेत का त्याला हात?"

म्हातारी सुपारी कातरत राहिली. पुढच्या थंडीत मे बुआलाय गेली. बाई त्याच घरात राहतात. सरकारी खोली मिळत होती, ती त्यांनी घेतली नाही.

गोल वस्तूंच्या पुस्तकाची नवी छपाई आली. मनीवनने शब्द पाळला होता. शेवटी लोखंडी गोळ्याच्या जागी लाडिक मांजराचा डोळा होता. बाईंनी तिला आभाराचा फोन केला, आणि राजधानीत नको झालेल्या जुन्या प्रती सगळ्या आमच्याकडे पाठव म्हणून सांगितलं.

थाविन आता शाळेत जातो. गाडी गेली की सगळ्यात आधी तोच चढतो आणि खोके उचकतो. त्या दिवसातलं त्याला काही आठवत नाही. त्याच्या आईने सांगितलं तरी तो ऐकून सोडून देतो, दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं. परवा तो बाईंवर चिडला होता, की तुम्ही नेहमी मला मातीचं आणि मुळांचं देता, मला वाघाचं हवंय.

"खऱ्या वाघाचं?" बाईंनी विचारलं.

"मग काय खोट्या?"

बाईंनी खालच्या खोक्यातून वाघाचं पुस्तक काढलं, आणि घरी न्यायच्या आधी दोन पानं इथेच वाच म्हणाल्या. तो गाडीच्या फळीवर पाय हलवत बसला आणि एकेका शब्दावर बोट ठेवून मोठ्याने वाचायला लागला. बाई शेजारी उभ्या राहून ऐकत होत्या. दोन पानं झाली, तो थांबला नाही, आणि त्यांनीही त्याला थांबवलं नाही.